मोंढा ते बंदर : नव्या निर्यातदाराचं तग धरण्याचं गणित

2025च्या ऑगस्टमध्ये आठ-नऊ दिवसांच्या अंतरानं दोन निर्णय लागू झाले. 19 ऑगस्टपासून केंद्र सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क तात्पुरतं काढून टाकलं, आणि 27 ऑगस्टपासून अमेरिकेनं बऱ्याच भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. मानवतच्या जिनिंगवाल्यानं अमेरिकेला कधी एक गाठही पाठवलेली नसेल, तरी दोन्हींची झळ त्याच्या दारापर्यंत आली. तिरुप्पूरच्या कपड्याच्या ऑर्डरी अडकल्या की सूतगिरण्या हात आखडता घेतात. बाहेरची रुई बिनशुल्क येऊ लागली की त्याच गिरण्या इथल्या मालाला भाव पाडून मागतात. शुल्कमाफी आधी 30 सप्टेंबरपर्यंत होती, ती पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे दसरा-दिवाळीचा आपला ऐन हंगाम त्यातच गेला.

हा लेख परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा या भागांत ज्यांनी गेल्या चार-पाच वर्षांत निर्यात सुरू केली आहे किंवा करायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी आहे. हळद पावडर, रुई, सोयापेंड, डाळ, भरडधान्याचे पदार्थ, माल कोणताही असो. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, कसा काढायचा, कोणत्या मंडळाकडे नोंदणी करायची, हे सांगणारे पुष्कळ आहेत. आयईसी 500 रुपयांत घरबसल्या निघतो, त्यात फारसं काही नाही. अवघड भाग त्याच्या पुढचा आहे. जगात कुठं काही बिनसलं, तर दोन-तीन वर्षांची कोवळी कंपनी उभी राहते कशी, याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की पुढचं संकट कुठून येणार हे ओळखण्यात नव्या निर्यातदारानं वेळ घालवू नये. ते मोठमोठ्या बँकांनाही जमत नाही. आपला पैसा किती दिवस अडकला तर आपण कोलमडू, हे मात्र अगदी परभणीत बसून, वहीत चार आकडे मांडून आधीच काढता येतं. ज्यानं हा हिशेब केला त्याचे निम्मे निर्णय आपोआप ठरतात.

ही झळ नवी नाही

मराठवाड्याच्या कापसाचं आणि परदेशातल्या उलथापालथीचं नातं दीडशे वर्षांहून जुनं आहे. 1861मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लिव्हरपूलला जाणारा अमेरिकी कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअर वाटेल त्या भावानं विकले गेले. 1865मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि त्या सगळ्या पेढ्या पत्त्यांसारख्या पडल्या. प्रेमचंद रायचंदांसारखा कापसाचा बडा व्यापारीही त्यातून सुटला नाही. पुढे 1900च्या सुमारास मनमाडहून हैदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे परभणीवरून गेली. मानवत रोड हे स्टेशन त्याच मार्गावरचं. तेव्हापासून इथला माल परदेशी भावाला बांधला गेला.

1865मध्ये बुडाले ते कापूस पिकवणारे किंवा गाठी विकणारे सगळे नव्हेत. तेजी कायम राहील असं धरून ज्यांनी उसन्या पैशावर पुढचे सौदे केले, ते बुडाले. 2022च्या मे महिन्यात रुईचा भाव खंडीला, म्हणजे 356 किलोला, एक लाख रुपयांच्या वर गेला तेव्हाही हेच झालं. त्या भावानं माल भरून ठेवणाऱ्यांना आणि पुढच्या हंगामात कपाशी घरात दाबून बसलेल्या शेतकऱ्यांना नंतरची उतरण फार महागात पडली.

वीस दिवसांची किंमत

आता हिशेब. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा तुमच्याकडे स्वतःचे 40 लाख आणि बँकेची 20 लाखांची पत, असं 60 लाखांचं खेळतं भांडवल आहे. हळद घेतली, पॉलिश केली, दळली, पॅक केली, न्हावाशेवाला पाठवली, जहाज निघालं, पोचलं, गिऱ्हाइकानं ठरल्याप्रमाणे महिन्यानं पैसे दिले. मोंढ्यात पैसे मोजल्यापासून खात्यात पैसे जमा होईपर्यंत 75 दिवस धरू. म्हणजे वर्षात भांडवल जवळजवळ पाच वेळा फिरतं. एका फेरीत मालाचा आणि वाहतुकीचा खर्च जाऊन 4 टक्के सुटले, तर दर फेरीला 2 लाख 40 हजार आणि वर्षाला साधारण 11 लाख 70 हजार होतात. त्यातून गोदामाचं भाडं, दोन-तीन माणसांचे पगार, वीज, व्याज असे 8 लाख काढा. हातात राहिले 3 लाख 70 हजार.

नोव्हेंबर 2023पासून तांबड्या समुद्रात हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले. सुएझ कालव्याचा रस्ता सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाऊ लागली. त्यात दहा ते चौदा दिवस जास्त लागायचे. शिवाय वेळापत्रकं विस्कटल्यामुळे बंदरावर माल पडून राहायचा तो वेगळाच. एकूण वीस दिवस वाढले असं धरा. आता 75चे 95 झाले. भांडवल वर्षात चार वेळाही पुरतं फिरत नाही, सुटतात 9 लाख 20 हजार. भाडं, पगार, व्याज मात्र तेच 8 लाख. शिल्लक राहिले 1 लाख 20 हजार.

यात माल बुडालेला नाही, भाव पडलेला नाही, गिऱ्हाइकानं फसवलेलं नाही. नुसते वीस दिवस वाढले आणि नफ्याचे तीनातले दोन हिस्से गेले. आणि हे वर्षाचं झालं. प्रत्यक्षात पहिला फटका नफ्याला बसतच नाही, तो बसतो पुढच्या खरेदीला. ऐन मार्च-एप्रिलमध्ये वसमत-हिंगोलीच्या बाजारात हळदीची आवक भरात असते आणि तुमचे पैसे कुठल्यातरी जहाजावर तरंगत असतात.

म्हणून पहिलं काम हे की आपला हा दिवसांचा आकडा काढा आणि तो 15, 30 व 45 दिवसांनी वाढवून बघा. कोणत्या आकड्याला पगार थांबतात? कोणत्या आकड्याला बँकेचा हप्ता चुकतो? तिथं तुमची सीमा आहे. माझ्या मते ज्या कंपनीची सीमा 45 दिवसांच्या आत येते, तिनं नवा देश, नवं यंत्र, नवं गोदाम यांचा विचार बाजूला ठेवून आधी ही सीमा लांबवावी.

लांबवण्याचे मार्ग फार नाहीत. महिन्याचा बांधलेला खर्च कमी ठेवायचा. यंत्र विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या युनिटमध्ये मजुरीवर माल करून घ्यायचा. सगळं भांडवल मालात न घालता चार महिन्यांच्या बांधलेल्या खर्चाइतकी रक्कम मुदत ठेवीत वेगळी ठेवायची. नातेवाईक म्हणतील पैसा झोपवून ठेवलाय, म्हणू देत. माल हातात असेल आणि भाव पडलेला असेल, तर राज्य वखार महामंडळाच्या किंवा नोंदणीकृत गोदामात ठेवून पावतीवर तारण कर्ज मिळतं. पण त्यासाठी बँकेशी आधीची ओळख लागते. पडत्या बाजारात पहिल्यांदा बँकेची पायरी चढणाऱ्याला साहेब खुर्ची देतात, कर्ज देत नाहीत.

अंतराचाही विचार यातच येतो. न्हावाशेवाहून दुबईच्या जेबेल अलीला जहाज आठवड्याच्या आत पोचतं, युरोपला महिना जातो. युरोपात भाव चार पैसे जास्त मिळतो हे खरं, पण नव्या कंपनीला भावापेक्षा फेरी जास्त महत्त्वाची असते. आखातही बिनधोक नाही. होर्मुझची सामुद्रधुनी तापली की तोही रस्ता अडतो. तरी सुरुवातीच्या दोन वर्षांत निम्म्याहून जास्त माल जवळच्या बंदरांना जावा, असं मला वाटतं.

जहाजाचं भाडं कोणाच्या डोक्यावर?

करोनाच्या काळात कंटेनरची टंचाई झाली तेव्हा 2021च्या सप्टेंबरात चाळीस फुटी कंटेनरचं जागतिक सरासरी भाडं 10 हजार डॉलरच्या पुढे गेलं. 2019मध्ये तेच दीड हजार डॉलरच्या आत होतं. ज्यांनी माल सीआयएफ भावानं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा धरून विकला होता, त्यांचा नफा जहाज कंपनीच्या खात्यात गेला. एफओबी भावानं विकणाऱ्याची जबाबदारी न्हावाशेवाला माल जहाजावर चढला की संपते. पुढचं भाडं गिऱ्हाइकाचं. नव्या माणसानं शक्यतो एफओबीच धरावं. गिऱ्हाईक सीआयएफचाच हट्ट धरत असेल तर दर देताना त्याची मुदत दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये आणि जादा भाडं वेगळं आकारलं जाईल असं करारात एका ओळीत लिहून घ्यावं. ती ओळ मागायला लाज वाटून घेऊ नका, मोठे निर्यातदार ती मागतातच.

पैसे कोण देणार, कोणत्या कागदावर

संकटात कंपन्या बुडतात त्या बहुधा इथं. बाजार तेजीत असताना सगळीच गिऱ्हाइकं सज्जन असतात. भाव पडला की तोच माणूस मालात ओल जास्त आहे म्हणतो, रंग फिका आहे म्हणतो, नाहीतर फोनच उचलत नाही. माल परदेशी बंदरावर, आपण परभणीत. तिथून परत आणायचा तर दोन्हीकडचं भाडं भरायचं. मग माणूस मिळेल त्या भावाला माल सोडतो, आणि हे गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असतं.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे आगाऊ रक्कम. तीस टक्के आधी आणि उरलेले बिल ऑफ लेडिंगची प्रत पाहून, ही पद्धत बऱ्याच मालात चालते. गिऱ्हाइकाची तीस टक्के रक्कम आपल्याकडे अडकलेली असली की तो माल सोडून सहसा जात नाही.

दुसरा मार्ग एलसीचा, म्हणजे त्याच्या बँकेनं दिलेल्या हमीचा. एलसी मिळाली की लोक निर्धास्त होतात, तिथंच चुकतं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँक फक्त कागद बघते, माल बघत नाही. बिलावर कंपनीच्या नावात एक अक्षर कमी, पॅकिंग लिस्टवर वजन वेगळं, जहाज ठरल्या तारखेनंतर एक दिवसानं सुटलेलं, एवढ्यावर पैसे नाकारण्याचा हक्क समोरच्याला मिळतो. तेजीत असल्या चुकांकडे कोणी बघत नाही. मंदीत मात्र त्या शोधायलाच माणसं बसतात. एलसीचा मसुदा हाती आला की माल भरण्याआधी तो आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागाकडून आणि सीएचएकडून, म्हणजे सीमाशुल्क दलालाकडून, वाचून घ्या. जी अट पाळणं आपल्याला शक्य नाही ती तेव्हाच बदलून घ्या.

शिवाय एलसी देणारी बँक कोणत्या देशातली आहे, तेही महत्त्वाचं. बांगलादेश हे आपल्या रुईचं वर्षानुवर्षं मोठं गिऱ्हाईक. 2022नंतर तिथं डॉलरची टंचाई झाली आणि एलसी असूनही पैसे रेंगाळू लागले. 5 ऑगस्ट 2024ला शेख हसीनांचं सरकार गेलं, त्या दिवसांत सीमेवरची वाहतूक ठप्प झाली. 2025च्या एप्रिलमध्ये बांगलादेशानं भारतीय सूत जमिनीवरच्या नाक्यांमधून घेणं बंद केलं. एकाच देशावर भिस्त ठेवणाऱ्यांना तीन वर्षांत तीन धक्के. अशा देशातल्या बँकेची एलसी असेल तर तिला दुसऱ्या भरवशाच्या बँकेची पुष्टी घ्यावी. त्याला खर्च येतो, तो भावात धरावा.

तिसरी गोष्ट ईसीजीसीची. निर्यातीच्या पैशाचा विमा उतरवणारी ही सरकारी कंपनी 1957पासून आहे आणि तरीही आपल्याकडे फार कमी नव्या निर्यातदारांना ती माहीत असते. गिऱ्हाईक दिवाळखोर झालं, त्यानं पैसे थकवले, त्याच्या देशात युद्ध झालं किंवा डॉलर बाहेर पाठवायला बंदी आली, तर भरपाई मिळते. सगळी रक्कम मिळत नाही, काही हिस्सा आपल्या अंगावर राहतो. मालाच्या दर्जावरून भांडण असेल तर तेही यात सहसा येत नाही. पण ईसीजीसीचा आणखी एक उपयोग आहे, जो मला विम्याइतकाच मोलाचा वाटतो. गिऱ्हाइकाच्या नावावर पतमर्यादा मागितली की ही कंपनी त्याची चौकशी करते. मर्यादा नाकारली गेली तर समजून जायचं. पैसे थकले की ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं. ओळखीचं गिऱ्हाईक आहे, देईल पुढच्या महिन्यात, म्हणत बसलात तर हक्क जातो.

2025च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं निर्यातीचे पैसे देशात आणण्याची मुदत नऊ महिन्यांवरून पंधरा महिने केली. अडचणीतल्या निर्यातदाराला हा दिलासा आहेच. पण पैसे उशिरा आणायला परवानगी मिळणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं. गिऱ्हाइकाला ही सवलत तुम्ही होऊन सांगायला जाऊ नका.

दिल्लीहून येणारा धक्का

जागतिक संकट म्हटलं की आपण तांबड्या समुद्राकडे आणि वॉशिंग्टनकडे बघतो. शेतमालाच्या निर्यातदाराला मात्र बरेचदा धक्का दिल्लीहून बसतो. जगात भाव चढले की देशात महागाई वाढू नये म्हणून रातोरात अधिसूचना निघते. 13 मे 2022ला गव्हाची निर्यात बंद झाली. 20 जुलै 2023ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची, आणि त्याच वर्षी 8 डिसेंबरला कांद्याची. सोयाबीनचं 2021 साल आठवा. भाव चढलेला असताना ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी मिळाली, आणि डिसेंबरात सोयाबीनचे वायदेच बंद झाले. ते सगळं बरोबर होतं की चूक, हा वाद शेतकरी संघटनांनी भरपूर घातलेला आहे. निर्यातदारानं त्यातून एवढंच घ्यावं, की आपल्या मालाचा भाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला की पुढच्या तारखांचे मोठे सौदे करायचे नाहीत. आणि प्रत्येक करारात सरकारी बंदी आली तर दोन्ही बाजू मोकळ्या, असं कलम हवंच. ते नसेल तर माल पाठवता येत नाही आणि गिऱ्हाईक वर भरपाई मागतं.

हळदीवर सहसा अशी बंदी येत नाही, हा तिचा मोठा गुण. दुसरा गुण हंगामाचा. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतं, हळद फेब्रुवारीनंतर. दोन्ही हाताळणाऱ्या कंपनीचे पैसे एकाच वेळी एकाच बाजारात अडकत नाहीत. पाच देश शोधण्याआधी दोन हंगाम धरणं परभणीच्या कंपनीला जास्त सोपं आहे.

नाशिकची द्राक्षं आणि आपले गट नंबर

कोवळी निर्यात कंपनी धक्का कसा पचवते याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचं. तिचे संस्थापक विलास शिंदे यांनी 2004च्या सुमारास द्राक्षांची निर्यात सुरू केली. 2010मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि युरोपात कंटेनरच्या कंटेनर नाकारले गेले. त्यापूर्वी या रसायनाची तपासणी आपल्याकडे होतच नव्हती. कित्येक निर्यातदार त्या वर्षी संपले. त्याच सुमारास शिंदे आणि त्यांच्याबरोबरच्या शेतकऱ्यांनी शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली आणि कोणत्या बागेत कधी काय फवारलं याची नोंद हाच धंद्याचा पाया केला. शिवाय त्यांनी निर्यातीबरोबर प्रक्रिया आणि देशातली विक्री वाढवत नेली. 2020मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा त्यांना नाशिक, मुंबई, पुण्यात घरोघर भाजीपाला आणि फळं पोचवता आली, कारण पॅकहाऊस आणि शीतगृह उभं होतं. 2022मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी या कंपनीत 310 कोटी रुपये घातले.

आपली कोणतीही कंपनी उद्या सह्याद्री होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. पण नोंदीची गोष्ट परभणीत आजही करता येते, त्याला पैसा लागत नाही. 2024च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं भारतातल्या मोठ्या मसाला ब्रँडांच्या काही पाकिटांवर इथिलीन ऑक्साइडमुळे कारवाई केली. चूक कोणाचीही असो, त्यानंतर तपासणी सगळ्यांचीच वाढली. अशा वेळी ज्याच्याकडे लॉटवार प्रयोगशाळा अहवाल आहे आणि प्रत्येक लॉटचा सील केलेला नमुना कपाटात आहे, त्याचा माल सुटतो. युरोपच्या 2023च्या जंगलतोडविरोधी कायद्यात सोया आहे. माल कोणत्या प्लॉटमधून आला त्याचे अक्षांश-रेखांश त्यात मागितले आहेत. अंमलबजावणी पुढे ढकलली जात आली आहे, पण मोठे खरेदीदार आतापासून विचारतात. खुल्या मोंढ्यातून माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला हे देता येत नाही. शेतकरी कंपनीकडे मात्र सभासदांची यादी, गट नंबर, पेऱ्याची नोंद असते. तिला ते महिन्याभरात जमवता येईल. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. 1999मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत वसमत परभणीतच होतं. मानांकनाचा उपयोगही शेवटी नोंदींवरच अवलंबून आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आपल्या दारात आहे. तिथल्या प्राध्यापकांना एकदा लॉट दाखवून घ्यायला काय हरकत आहे?

लहान असण्याचा फायदा

व्यवस्थापनशास्त्रात पूर्वी असं मानत, की कंपनीनं आधी आपल्या देशात मुळं धरावीत, मग शेजारच्या देशात जावं, मग लांब. 1994मध्ये बेंजामिन ओव्हिएट आणि पॅट्रिशिया मॅक्डूगल या अभ्यासकांनी दाखवलं, की काही कंपन्या जन्मापासूनच परदेशाशी व्यवहार करतात. अशा कंपन्यांकडे गंगाजळी नसते, नाव नसतं, हे त्यांचं दुबळेपण. पण त्यांना जुन्या सवयी नसतात, हे बळ. मोठ्या घराण्याला बाजार बदलायचा तर बैठका होतात. तुम्ही सकाळी ठरवून संध्याकाळी मलेशियाच्या गिऱ्हाइकाला नमुना पाठवू शकता.

हे बळ खरंच वापरायचं असेल तर प्रयोग लहान हवेत. भारतात शिकून अमेरिकेत प्राध्यापक झालेल्या सारस सरस्वती यांनी 2001मध्ये अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीवर लिहिताना एक गोष्ट मांडली. हे लोक किती मिळेल यावरून उडी ठरवत नाहीत, किती गेलं तर चालेल यावरून ठरवतात. आपल्याकडे उलट चालतं. पहिलाच कंटेनर भरायचा, तोही घर गहाण ठेवून. त्यापेक्षा टपाल खात्याच्या निर्यात केंद्रांमधून लहान पार्सलं पाठवता येतात. 2022च्या अखेरीपासून ही सोय सुरू आहे. दहा किलो हळद पावडर पाच देशांत पाठवली आणि एकच गिऱ्हाईक परत आलं, तरी त्याचं मोल आहे. ते गिऱ्हाईक मोठं होणार नाही कदाचित, पण मुख्य बाजार बंद पडला तर आपल्याकडे दुसरा पत्ता असेल. अशी दोन-तीन लहान गिऱ्हाइकं तेजीतसुद्धा सांभाळायची. मोठी ऑर्डर आली म्हणून त्यांना ताटकळत ठेवायचं नाही.

रुपयाबद्दल थोडक्यात. 2022च्या सुरुवातीला डॉलर 75च्या आसपास होता, 2025च्या डिसेंबरात त्यानं 90 ओलांडले. रुपया घसरला की निर्यातदाराची चांदी, असं लोक म्हणतात. गिऱ्हाईकही वर्तमानपत्र वाचतं आणि लगेच सूट मागतं. सौद्याची निम्मी रक्कम बँकेत फॉरवर्ड करून, म्हणजे आजच दर बांधून, ठेवा आणि उरलेल्या निम्म्याच्या चढउताराकडे बघत बसू नका.

धक्का बसला तर पहिला आठवडा

बातमी आली की पहिल्या दिवशी वाटेवरच्या मालाची यादी करा : कोणता कंटेनर कुठं आहे, कोणाचे किती पैसे यायचे, कोणत्या तारखेला. नवी खरेदी थांबवा, पण मोंढ्यात बोललेले शब्द पाळा. अडत्याचे आणि शेतकऱ्याचे पैसे थकवून गिऱ्हाइकाला उधारी देणारा निर्यातदार पुढच्या हंगामात परभणीत उभा राहू शकत नाही. पैसे खरोखरच नसतील तर त्यांच्या घरी जाऊन तारीख सांगा. निम्मे आज आणि निम्मे अमुक तारखेला, हे माणूस ऐकून घेतो. फोन बंद ठेवलेला ऐकून घेत नाही.

बँकेला हप्ता चुकण्याआधी कळवा. 2020मध्ये हप्ते पुढे ढकलायची सवलत आली, सरकारी हमीवर जादा कर्ज मिळालं. 2025च्या नोव्हेंबरात निर्यातदारांसाठी पुन्हा पतहमीची योजना आली. अशा प्रत्येक वेळी खातं नियमित असलेल्यांनाच पहिल्यांदा लाभ मिळाला. गिऱ्हाइकालाही स्वतःहून लिहा, माल कुठं अडकलाय ते सांगा. त्याला त्याच्या गिऱ्हाइकाला तोंड द्यायचं असतं. खरी तारीख मिळाली तर तो थांबतो.

शेतकरी कंपन्यांची एक जादा अडचण असते. संचालक दहा, ते वेगवेगळ्या गावांचे, आणि बैठकीला कोरम होईपर्यंत आठवडा जातो. तेवढ्यात भाव दोनदा बदलतो. म्हणून बाजार शांत असतानाच ठराव करून ठेवा : अमुक रकमेपर्यंत सूट देण्याचा, माल दुसऱ्या बंदरावर वळवण्याचा, ईसीजीसीला कळवण्याचा अधिकार कोणत्या दोघांना आहे. रक्कम आकड्यांत लिहा, नुसतं 'योग्य तो निर्णय' असं लिहू नका, नंतर त्यावरूनच भांडणं होतात. आणि डीजीएफटीचा (विदेशी व्यापार महासंचालनालय), सीमाशुल्काच्या आइसगेटचा, बँकेचा पासवर्ड आणि ओटीपी एकाच माणसाच्या मोबाइलवर ठेवू नका. पेरणीच्या दिवसांत तो माणूस शेतात असतो, रेंज नसते, आणि इकडे न्हावाशेवाला कंटेनर दिवसाचं भाडं चढवत उभा असतो.